आठवी अ, आठवी ब

लातूर, ११ मे २०२५

प्रियदर्शनी,

फोन तू उचलत नाहीस. काल शेजारणीच्या नंबरवरून केला, तर माझं 'हॅलो' ऐकताच ठेवून दिलास. वीस वर्षांनी आवाज ओळखलास याचाच मला आनंद झाला, बघ किती निर्लज्ज झालेय मी. म्हणून आता पत्र. पोस्टाने पाठवलं असतं तर न फोडता परत केलं असतंस. तुमच्याच नांदेड डेपोच्या पारूबाई कंडक्टरच्या हाती देतेय. त्यांची गाडी लातूर स्टँडवर अर्धा तास थांबते. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या प्रियाबाईला ना? द्या की. तिच्या डब्याखालीच ठिवते, जाईल कुठं!"

कारण सांगते. परवा मी आमच्या चौकशीच्या खिडकीत बसले होते. ते काम माझं नाही, पण कारकून लग्नाला मुरुडला गेला होता आणि खिडकीसमोर बारावी झालेल्या पोरांची ही गर्दी. सगळ्यांचे प्रश्न ठरलेले. वसतिगृह आहे का, नोकरी लागते का, हजेरी किती लागते. मग एक मुलगी आली. तिने विचारलं, शाळेत पाठ घ्यायला पहिल्या वर्षापासून पाठवता का? एका वर्गात किती पोरं असतात? आणि मॅडम, पाठ चुकला तर परत घेता येतो का?

मी म्हटलं, येतो. मग अर्ज बघितला. महामाया. आईचं नाव प्रियदर्शनी, आईचा व्यवसाय वाहक, राज्य परिवहन, नांदेड. वर बघितलं तर हनुवटी तीच, किंचित पुढे काढलेली. मी तिला विचारलं, आईला माहीत आहे का तू इथं आलीस ते? ती म्हणाली, "आई नको म्हणतीय. बाबा म्हणतेत आईला विचार. आई म्हणती शिक्षक हो, कुठंबी शिक, पर त्या फाटकातून आत जायचं न्हाई."

हे फाटक म्हणजे आपलंच, औसा रोडवरचं. आपलं जुनं अध्यापक महाविद्यालय आता विद्यापीठ झालंय, फक्त शिक्षक घडवणारं, सरकारी. चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम आहे, पदवी आणि बी.एड. एकदम. महामायाने प्रवेश परीक्षा दिलीय, तिचं नाव यादीत येणारच. अर्जावर पालकाची सही मात्र एकोणीस जुलैच्या आत लागते. ती सही तू करशील का, एवढंच विचारायला हे पत्र लिहायला घेतलं आणि पान भरलं.

उद्या बुद्धपौर्णिमा. तुझी आई मुखेडहून डब्यातून खीर पाठवायची आणि मी तुझ्या आधी डबा उघडायचे. तेही आठवत असेल तर राहू दे.

तुझी (हे खोडणार होते, पण राहू देते)
सुकन्या

*

लातूर, १९ मे २०२५

प्रियदर्शनी,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पारूबाई म्हणाल्या, "वाचलं बघा तिनं. घडी घालून पिशवीत ठिवलं. बोलली काय न्हाई." एवढ्यावर मी आठवडा काढला.

माझ्या मागे एक काम लागलंय. विद्यापीठाचा परिचय लिहायचा आहे, नव्या विद्यार्थ्यांसाठी, आठ पानांची माहितीपुस्तिका. आमचे विभागप्रमुख रेवणसिद्ध सर म्हणाले, तुम्ही इथंच शिकलात, इथंच शिकवता, तुमच्याइतकं कुणाला माहीत? खरंय. मला नको तितकं माहीत आहे. लिहायला बसते, उठते, पंखा बंद करते, चालू करते, परत बसते. एक ओळ पुस्तिकेत लिहिली की दुसरी मनात तयार होते, आणि ती दुसरी तुझ्यासाठी असते. तर घे, महामायासाठी दोन्ही लिहिते.

पुस्तिकेत लिहिलंय की परिसर हिरवागार आहे. जुलै ते डिसेंबर आहे. मे महिन्यात टँकर येतो आणि वसतिगृहाच्या मुली बादल्या घेऊन रांगेत उभ्या राहतात, आपण राहायचो तशाच. पुस्तिकेत लिहिलंय की ग्रंथालय सुसज्ज आहे. पुस्तकं खरंच भरपूर आहेत, आणि तुझी ती खिडकीजवळची जागा अजून तशीच आहे, फक्त समोरचं कडुलिंबाचं झाड पाडून तिथं दुचाकींचा वाहनतळ केलाय. शिकवणारे चांगले आहेत. दोघं-तिघं नाहीत. ते कोण, हे महामायाला पहिल्या महिन्यात कळेल. मेसमध्ये गुरुवारी ज्वारीची भाकरी असते, बाकी दिवशी पोळ्या चामड्यासारख्या.

शाळेतला सराव मात्र आपल्यापेक्षा चांगला झालाय, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आपल्याला महिना-दीड महिना मिळायचा. यांना शेवटच्या वर्षी औसा, मुरुड, मुखेड भागातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत वीस आठवडे राहावं लागतं. जोडीची पद्धत अजून आहे. एकीने पाठ घ्यायचा, दुसरीने मागच्या बाकावर बसून निरीक्षण वहीत लिहायचं. प्रस्तावना, प्रश्न, फळ्याचा उपयोग, वर्गाचा प्रतिसाद, शेरा, सही. तुझ्या वह्यांत माझे शेरे कसे असायचे! 'पाठ उत्तम, बाईंचा पदर फळा पुसतो.'

आणखी एक सांगायचं राहिलंय. दोन वर्षांपूर्वी मी अहमदपूरहून तुझ्या गाडीत बसले होते. तू विचारलंस, "कुठं?" मी म्हटलं, लातूर. तू तिकीट दिलंस आणि पुढे गेलीस. ओळखलंस की नाही, मला आजवर कळलेलं नाही. पण मागच्या सीटवर एक पोर रडून गोंधळ घालत होतं. तू त्याला खिडकीशी बसवलंस आणि रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लावल्यास. चाकूर येईपर्यंत ते पोर ओरडून ओरडून पाट्या वाचत होतं आणि अर्धी गाडी त्याच्याबरोबर. मी तोंडावर पदर घेऊन बसले होते. तू अशी शिकवत होतीस आणि वर्ग माझ्याकडे आहेत.

त्या दिवशी शाळेत जे झालं ते हेडमास्तरांमुळे झालं, असं मी वीस वर्षं म्हणत आलेय. परीक्षक उशिरा आले, तास सरकले, हेडमास्तरांनी आठवी अ आणि आठवी ब या वर्गांची अदलाबदल केली. ती झाली नसती तर आज तू जिल्हा परिषदेच्या शाळेत मुख्याध्यापिका असतीस. हे खोटं नाही. आज इथंच थांबते.

सुकन्या

*

लातूर, २ जून २०२५

प्रियदर्शनी,

रेवणसिद्ध सरांनी पुस्तिकेचा मसुदा परत दिला. टँकर खोडला, पोळ्या खोडल्या. म्हणाले, "बाई, ही माहितीपुस्तिका हाय. तुमी तर पंचनामा लिवलाव." मी हसले. मग ते म्हणाले की एक पान कमी पडतंय, सराव पाठांबद्दल तुमचा स्वतःचा एखादा अनुभव लिहा, तुमच्या वर्षी वार्षिक पाठात तुम्ही पहिल्या आला होतात ना, तोच लिहा की.

चार दिवस झाले, त्या पानावर शीर्षकापलीकडे काही नाही. घरात फेऱ्या मारून झाल्या. धुतलेली भांडी परत धुतली. ह्यांनी विचारलं, तुझं काय हरवलंय? आता तुलाच लिहिते, पुस्तिकेचं नंतर बघू.

माझा वर्ग आठवी अ, तुझा आठवी ब. एक वर्ग, एक महिना, आणि शेवटी बाहेरच्या परीक्षकांसमोर वार्षिक पाठ. तू ब मध्ये महिनाभर खरोखर शिकवलंस. काळी माती मुखेडची, तांबडी उदगीरची, कागदाच्या पुड्या बांधून आणायचीस. पोरं माती चिमटीत धरून वास घ्यायची. मी तुला म्हणायचे, एवढं कशाला, वर्ग आधीच बसवून घे. सगळेच बसवतात. तू म्हणायचीस, "पोरांकून नाटक करून घ्यायला आलो का आपण?"

मी बसवला, प्रिया. मला भीती वाटायची. फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे पन्नास पोरं आहेत या विचारानेच माझ्या हाताला घाम यायचा. परीक्षेच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत मी आठवी अ च्या पोरांना सांगितलं की उद्या बाईंनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यांनी उजवा, येत नसेल त्यांनी डावा. मी फक्त उजव्या हातांना विचारीन. परीक्षकांना दिसणार हातांचं जंगल. कुणाकडून शिकले ते आठवत नाही, ही युक्ती आपल्यात अंगणवाडीपासून चालत आलेली आहे. दोनदा सराव करून घेतला. पोरांना खेळच वाटला तो.

आणि दुसऱ्या दिवशी वर्ग बदलले. तू आठवी अ मध्ये गेलीस. तुझी सहाध्यायी म्हणून मी मागच्या बाकावर. तू पहिला प्रश्न विचारलास आणि पन्नास हात वर. तू किती खूश झालीस! मला अजून दिसतो तो चेहरा. तू भित्र्या पोरांना आधी विचारणारी. नेमक्या कोपऱ्यातल्या डाव्या हातांना विचारलंस. एक गप्प, दुसरी गप्प, तिसरा गप्प, चौथी गप्प. परीक्षक उठून शिवलीला नावाच्या मुलीजवळ गेले.

"येत न्हाई तर हात कशाला वर केलीस?"

"डावा हाय की, सर."

"म्हंजे?"

"न्हाई आलं तर डावा करायचा. बाईंनी सांगितलंय."

कुठल्या बाईंनी, हे त्यांनी विचारलंच नाही. दोघी एकाच गणवेशातल्या, आकाशी काठाची साडी. बाई म्हणजे फळ्याजवळ उभी असलेली बाई. शिवलीलाने एकदा तुझ्याकडे बघितलं, एकदा मागे माझ्याकडे, आणि खाली बसली.

तुझा पाठ रद्द झाला. 'गैरप्रकार' असा शेरा लागला. दोन तासांनी मी तुझ्या आठवी ब मध्ये पाठ घेतला. तू महिनाभर तयार केलेली पोरं ती, माझ्या भिजलेल्या हातांकडे कुणी बघितलंच नाही. त्यांनी मलाच प्रश्न विचारले. परीक्षक खूश. मी पहिली आले ती त्या पोरांवर. पुढचं सगळं, नेट-सेट, ही नोकरी, ही खुर्ची, त्याच पाठाच्या प्रमाणपत्रावर चढत गेलं.

शाळेतल्या कुणा शिक्षिकेने पोरं पढवली असतील, असं तुला वाटत असेल, म्हणून सांगितलं. मी होते ती. मी मागच्या बाकावर बसून होते आणि उठले नाही. आता सगळं सांगून झालं. तुझा राग पोरीवर काढू नकोस. तिला येऊ दे.

सुकन्या

*

नांदेड, १५ जून २०२५

सुकन्याबाई,

तुम्ही, आपण असं लिहिणार होते. दोन ओळी लिहिल्या, फाडल्या, जमलं न्हाई. तूच राहा.

तुझी तिन्ही पत्रं वाचली. ड्युटी संपल्यावर डेपोतच वाचली, घरी नेली नाहीत. महामाया माझी पिशवी उचकते.

शाळेच्या बाईंनी पढवलं असं मला वाटत असेल, म्हणतेस. तू आठवी अ मध्ये डावा-उजवा करून घेत होतीस तेव्हा मी व्हरांड्यात माठाजवळ पाणी पीत होते. सगळं ऐकलं. हसूही आलं. मनात म्हटलं, भित्री आहे, करू दे, तिचा वर्ग आहे. दुसऱ्या दिवशी वर्ग बदलले तेव्हा बसवलेली पोरं समोर आहेत हे माझ्या ध्यानातच आलं नाही, पन्नास हात बघून खरंच हुरळले. शिवलीला बोलली तेव्हा कळलं.

तुझं नाव माझ्या जिभेवर होतं. घेतलं नाही. मागं बघितलं. वाटलं, आता उठेल. आता उठेल. तू खाली वहीत बघत होतीस. मग मी फळा पुसला आणि खडू ठेवला.

मला राग पोरं पढवल्याचा कधीच नव्हता. आणि सगळं सांगून झालं म्हणतेस, तर झालेलं नाही. एक राहिलंय. ते मी तुला सांगणार नाही, आठवून बघ.

गाडीत तुला ओळखलं होतं. 'कुठं' असं विचारलं, कारण कंडक्टर तेच विचारतो.

महामायाचं. पोरगी हट्टाला पेटलीय. तिचे बाबा, आनंदराज, म्हणतात, तुझं भांडण तिच्या माथी मारू नको. बरोबर आहे त्यांचं. पण ज्या जागी माझ्या नावावर तसला शेरा आहे, तिथं तिनं चार वर्षं मान खाली घालून बसावं, हे माझ्याच्यानं होणार नाही. पाच जुलैला तुमच्याकडं नव्या पोरांना परिचय करून देतात म्हणे. पुस्तिकेत तुला लिहायचंय ना अनुभव? तो तिथं उभी राहून सांग. तुझ्या नावानं सांग, माझ्याही नावानं. मी शनिवारी लातूर ड्युटी मागून घेते. मागच्या बाकावर बसेन, वही घेऊन. पाठ बघून ठरवेन सहीचं.

प्रियदर्शनी

*

लातूर, ६ जुलै २०२५

प्रिया,

काल तू गेल्यावर पुढे काय झालं ते लिहितेय. थोडं तुला माहीत असलेलंही लिहीन, मला एका ओळीत नीट लावायचं आहे.

सभागृहात दीडशे पोरं आणि त्यांचे आईबाप. रेवणसिद्ध सरांना मी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं की माझ्या वीस मिनिटांत मी काय बोलणार आहे. ते म्हणाले, "लोकं प्रवेश घेतील का ओ, हे ऐकून?" मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मी पुढच्या रांगेत बसतो. पाय लटपटले तर माझ्याकडं बघा." भला माणूस. मी उगाच त्याची टिंगल करत असते.

तू खाकी गणवेशात आलीस, शेवटच्या बाकावर बसलीस आणि खरंच वही उघडलीस. माझ्या हाताला तोच घाम. मी सगळं सांगितलं. वर्ग, डावे-उजवे हात, शिवलीला. 'ती मुलगी प्रियदर्शनी, मुखेडची, आणि पोरं पढवणारी मी.' पोरं आधी हसली, डाव्या-उजव्याला सगळेच हसतात. मग हळूहळू गप्प झाली. महामाया तिसऱ्या रांगेत होती. तिला हे काहीच माहीत नव्हतं, हो ना? तिने मागे वळून तुझ्याकडे बघितलं आणि पुन्हा समोर बघितलं नाही. शेवटी मी म्हटलं, आमच्या विद्यापीठात तुम्ही पाठ घ्यायला शिकाल, पण मागच्या बाकावरून उठायचं कधी हे तुमचं तुम्हाला शिकावं लागेल. टाळ्या पडल्या. मला वाटलं, झालं एकदाचं. हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तू टाळ्या वाजवल्या नाहीस. वही महामायाच्या हातात देऊन निघून गेलीस, अडीचची गाडी होती तुझी. महामायाने वही मला आणून दिली. तिचे डोळे लाल होते.

प्रस्तावना, चांगली. आवाज, सुरुवातीस कापरा, नंतर स्पष्ट. फळ्याचा उपयोग, नाही. वर्गाचा प्रतिसाद, चांगला. आणि शेरा, तुझ्या त्या सरळ उभ्या अक्षरात: 'पाठ अपूर्ण. परत घ्यावा.'

मी तिथेच पायरीवर बसले. प्रिया, जूनमध्ये तुझं पत्र आल्यावर मला आठवावं लागलं नव्हतं. पहिल्या दिवसापासून आठवत होतं. मी तिन्ही पत्रांत त्याच्या कडेकडेने गेले आणि काल सभागृहातही गेले.

पाठ थांबवल्यावर परीक्षकांनी एक कागद लिहिला. 'छात्राध्यापिका प्रियदर्शनी यांनी विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी पढवल्याचे सहाध्यायी निरीक्षकाने पाहिले आहे.' लिहिण्याआधी त्यांनी तुझं पूर्ण नाव विचारलं. तू सांगितलंस. मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं, सावकाश. आणि मान हलवली, म्हणजे आता सगळं उलगडलं अशी. माझं नाव त्यांनी विचारलंच नाही. कागद माझ्यापुढे सरकवला, बोट ठेवलं, 'इथं.' आणि मी सही केली. मी काहीही पाहिलेलं नव्हतं. तू कुणालाही पढवलेलं नव्हतंस. मी स्वतः पढवून, तू पढवलंस हे पाहिलं अशी सही केली. उठले नाही, हे भित्रेपणात जाईल. सही भित्रेपणात जात नाही. मला त्या क्षणी पक्कं ठाऊक होतं की तुझ्याबद्दल त्यांना लगेच पटेल आणि माझ्याबद्दल पटणार नाही, आणि का पटणार नाही हेही ठाऊक होतं. औशाच्या पाटलांच्या घरातली पोर मी. ते ठाऊक असणं मी वापरलं.

जेवणानंतर बहुतेक पोरं आणि पालक गावाला निघून गेले होते. जे होते त्यांना मी परत सभागृहात बोलावलं. चौपन्न जण होते. रेवणसिद्ध सर हात धुऊन येत होते, तेही बसले. कागदातलं ते वाक्य शब्दानं शब्द मला पाठ आहे. ते फळ्यावर लिहिलं, खाली माझी सही केली, त्या वेळची, लांब शेपटीची. मग सांगितलं की हे खोटं आहे, आणि ते कुणाबद्दल लगेच खरं मानलं गेलं. आडनावाचंही सांगितलं. या वेळी कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक आजोबा उठून बाहेर गेले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, तो शेरा अजून तसाच आहे का?"

तसाच आहे, असं मी म्हटलं. मग मला ऐकवेना स्वतःचं. आज रविवार, उद्या परीक्षा विभागात माझा लेखी जबाब देतेय. वीस वर्षांनी त्यांना काय करता येईल माहीत नाही. माझ्यावर काय करतील तेही माहीत नाही. रेवणसिद्ध सर म्हणाले, "द्या. मी खाली 'पुढे पाठविले' लिहितो."

सोबत तुझी वही पाठवतेय. पुढचं पान मी आखलंय. दिनांक ५ जुलै, दुपारी तीन, पाठ दुसरा. शेरा आणि निरीक्षकाची सही, दोन्ही जागा मोकळ्या आहेत. सोबत महामायाचा अर्जही आहे, त्यातही एक जागा मोकळी आहे. दोन्हीकडे सही करून पारूबाईंकडे दे. मी वाट बघतेय असं लिहीत नाही, पण स्टँडवर रोज जाईन.

सुकन्या

*

लातूर, १८ जुलै २०२५

प्रिया,

आज पाकीट मिळालं. पारूबाई म्हणाल्या, "बाई, रोज येऊन येऊन तुमचा पास काढायची पाळी आली असती बघा." तिथेच बाकड्यावर बसून फोडलं.

अर्जावर पालकाची सही आहे, स्पष्ट, पूर्ण नावानिशी, आडनावासकट. मी तशीच रिक्षाने विद्यापीठात गेले आणि अर्ज खिडकीत दिला. शिक्का मारून घेतला. महामाया दारातच उभी होती, तिने पावती दोन्ही हातांनी धरली. पुस्तिका छापून आलीय. मी सहीसकट सगळं लिहिलेलं ते अनुभवाचं पान सरांनी खोडलं नाही.

मग वही उघडली. मी आखलेल्या पानावर सहीची जागा तू कोरीच ठेवलीयस. शेऱ्याच्या जागी एवढंच लिहिलंयस: 'मी हजर नव्हते. न पाहिलेल्या पाठावर मी सही करत नाही.'

किती वेळ ते वाक्य बघत बसले. हेच वाक्य मला तेव्हा यायला हवं होतं. एकवीस वर्षांची होते, भूगोलाच्या सगळ्या व्याख्या पाठ होत्या, आणि हे एवढं येत नव्हतं.

सोमवारी नव्या पोरांचा पहिला तास माझ्याकडे आहे, साडेअकराला, खोली नऊ. पाठ तिसऱ्यांदा घेते. तुझी नांदेडची गाडी अकराला लागते आणि अडीचला परत निघते, हे मी स्टँडवर विचारून आलेय. मागचा बाक पुसून ठेवलाय.

सुकन्या